तान्ह्या बाळाला विमानातून नेताना

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सव्वा महिना झाला की पूर्वी एस.टी.ने किंवा रेल्वेने सासरी जात असे. आता जावई बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, दुबई असा कोठेही नोकरीला असतो. चिकलठाण्याचा विमानतळ आपल्या जालन्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तोही जालना रस्त्यालाच. साहजिकच दीड-दोन महिन्यांचे बाळ घेऊन विमानाने जाणाऱ्या आया आता आपल्या गावातही पुष्कळ झाल्या आहेत. तिकीट काढून झाले की मग आजी बाळाला घेऊन दवाखान्यात येते आणि विचारते, "डॉक्टर, एवढ्याशा जिवाला विमान सोसेल का?"

याचे थोडक्यात उत्तर असे, की पूर्ण दिवसांच्या, निरोगी व नीट दूध पिणाऱ्या बाळाला विमानप्रवास सोसतो. मात्र काही बाळांना तो सोसत नाही, आणि ती कोणती हे तिकीट काढण्यापूर्वी ठरवायला हवे. आजच्या लेखात याच विषयाची माहिती घेऊ.

विमानातील हवा

मोठी प्रवासी विमाने तीस-पस्तीस हजार फूट उंचीवरून उडतात. तेथील हवा इतकी विरळ असते की माणूस जगू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत यंत्राने हवा दाबून भरतात. पण आतला दाब जमिनीवर असतो तेवढा ठेवत नाहीत. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. आपले जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरवर. विमानात बसलेले बाळ अर्ध्या तासाच्या आत कळसूबाईच्याही वर, जवळजवळ सिमल्याच्या उंचीला जाऊन पोचते आणि पुन्हा खाली येते, असे समजा.

याचे तीन परिणाम होतात. पहिला म्हणजे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे उतरते. निरोगी बाळाच्या बाबतीत हा फरक दोन-चार टक्क्यांचा असतो व तो त्याला जाणवतही नाही. दुसरा म्हणजे शरीराच्या पोकळ्यांतील हवा फुगते. खालून नेलेले चिवड्याचे बंद पाकीट विमानात टम्म फुगलेले अनेकांनी पाहिले असेल. तसेच पोटातील व कानातील हवेचे होते. तिसरा म्हणजे ही हवा फार कोरडी असते. त्यामुळे घसा व नाक कोरडे पडते आणि बाळाला तहान जास्त लागते.

किती दिवसांच्या बाळाला न्यावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ४८ तासांच्या आतील बाळाने विमानप्रवास करू नये आणि शक्यतो ७ दिवस पूर्ण होऊ द्यावेत. विमान कंपन्यांचे नियम याबाबत वेगवेगळे आहेत, तेव्हा तिकिटाच्या वेळीच विचारून घ्यावे. परंतु घाईचे कारण नसेल तर माझा सल्ला दीड महिन्याची लस होईपर्यंत थांबण्याचा असतो. एवढ्या अवधीत बाळाचे वजन वाढते आहे की नाही, ते नीट पिते की नाही, हृदयात काही दोष आहे का, हे बहुतेक ध्यानात येते. आपल्याकडील सव्वा महिन्याची चाल या दृष्टीने शहाणपणाचीच आहे.

लस दिल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी लस न देता चार-पाच दिवस आधी द्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवावे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेवरून मोजू नये. आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ दीड महिन्याचे झाले, तरी त्याची फुप्फुसे पंधरा दिवसांच्या बाळाइतकीच तयार असतात. अशा बाळाने निदान मूळ प्रसूतीची तारीख उलटेपर्यंत विमानात बसू नये आणि नंतरही बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच जावे.

कान का दुखतो?

विमानात मूल किंचाळून रडू लागले की शेजारचे प्रवासी आईकडे रागाने पाहतात. बहुधा त्या मुलाचा कान दुखत असतो.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी खोली असते. तिच्यातून एक नळी घशाच्या मागच्या बाजूला उघडते. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते व आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. विमान वर चढताना कानातील हवा फुगून या नळीतून सहज बाहेर पडते. खरी अडचण विमान उतरताना येते. तेव्हा बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो आणि नळी जास्तच घट्ट मिटते. ती मुद्दाम उघडावी लागते.

मोठा माणूस आवंढा गिळून ती उघडतो. बाळाला ते समजत नाही. शिवाय लहान मुलांत ही नळी अरुंद व जवळजवळ आडवी असते आणि सर्दी झाली की सुजून बंदच होते. म्हणून मोठ्यांपेक्षा मुलांना हा त्रास अधिक होतो.

उतरताना पाजा

यावरचा उपाय प्रत्येक आईजवळ आहे. बाळ स्तनपान करते तेव्हा ते सारखे गिळत असते आणि प्रत्येक घोटाला ती नळी उघडते. पण वेळ साधली पाहिजे. पुष्कळ आया विमान सुटतानाच बाळाला पोटभर पाजतात. चिकलठाण्याहून मुंबईचे उड्डाण जेमतेम तासाभराचे असते. म्हणजे विमान वर जाते न जाते तोच उतरायला लागते. त्या वेळी बाळाचे पोट भरलेले असते, ते गाढ झोपलेले असते आणि काही केल्या तोंड लावत नाही. मग कान दुखून ते दचकून उठते.

म्हणून सुटताना थोडे पाजावे आणि मुख्य पाजणे उतरण्यासाठी राखून ठेवावे. विमान जमिनीला टेकण्याच्या साधारण वीस ते तीस मिनिटे आधी उतरायला लागते. बसल्याबरोबर हवाई सेविकेला सांगून ठेवावे, की उतरायला सुरुवात झाली की मला सांगा. तेव्हा बाळ झोपलेले असेल तर हळूच जागे करावे. झोपेत गिळणे कमी होते, म्हणून या वेळी "झोपलंय तर झोपू द्या" हे बरोबर नाही. पदराआड किंवा शालीखाली पाजण्यास संकोच करू नये. बाळ वरचे दूध पीत असेल तर वाटी-चमच्याने वा बाटलीने द्यावे, पण डोके उंच धरून. आडवे निजवून पाजू नये. वर्षाच्या पुढील मुलाला पेल्यातून घोट-घोट पाणी द्यावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला चघळण्याची गोळी चालेल, त्याहून लहानाला नको, घशात अडकते. मोठ्या मुलाला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायला घरीच शिकवावे.

कानात कोमट तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्याचा येथे काडीचा उपयोग नाही. तेल पडद्याच्या बाहेर राहते, दाब पडद्याच्या आत असतो. कापसाचे बोळे व कानटोपी यांनी आवाज कमी होतो, थंडी वाजत नाही, पण कानाचे दुखणे थांबत नाही. ते घालावेत, मात्र त्यावर विसंबू नये.

पोटातील हवा फुगत असल्याने प्रत्येक वेळी पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. वरचे अन्न खाणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी मऊ वरणभात, मऊ खिचडी असे हलकेच द्यावे.

झोपेचे औषध देऊ नका

या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. "बाळ रस्त्यात त्रास देईल, झोपेचं काहीतरी द्या," अशी मागणी पालक सर्रास करतात. काहीजण डॉक्टरांनाही न विचारता दुकानातून सर्दीचे किंवा खाजेचे सिरप आणतात व एक बूच पाजतात. या सिरपमध्ये गुंगी आणणारे औषध असते. त्यातले प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देण्यास मनाई आहे, कारण त्याने श्वास मंदावून मुले दगावली आहेत. विमानात प्राणवायू आधीच थोडा कमी. त्यात श्वास मंदावला, तर मांडीवर शांत निजलेले बाळ झोपले आहे की बेशुद्ध आहे, हे आईलाही कळणार नाही.

आपल्या सरकारनेही याबाबत बजावले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन या जोडीचे सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश दिला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत व पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे कळविले. नाक मोकळे करणारे औषध आधी पाजले तर कान दुखत नाही, हा समजही खरा नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा औषधाने लहान मुलांचे कान दुखणे कमी झाले नाही, मुले फक्त पेंगुळली.

घरगुती उपायांतही सावध राहावे. जास्त उगाळलेले जायफळ, ब्रँडीचे थेंब, कोणी दिलेली अनोळखी गुटी हे सारे विषासमान आहे. रडणारे बाळ परवडले. रडताना ते श्वास घेत असते, आणि मधूनमधून आवंढाही गिळत असते.

कोणत्या बाळाला आधी तपासून घ्यावे?

ऑगस्ट २०२३ मधील एक घटना अनेकांना आठवत असेल. २७ तारखेच्या रात्री बंगळूरहून दिल्लीला निघालेल्या विमानात, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली एक चिमुकली मुलगी एकाएकी बेशुद्ध पडली. अंग निळे पडले, नाडी लागेना. सुदैवाने त्याच विमानात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच डॉक्टर होते. त्यांनी हाताशी होत्या तेवढ्या साधनांवर तिची छाती दाबून, श्वास देऊन हृदय पुन्हा सुरू केले. विमान नागपूरला वळविण्यात आले व मुलीला तेथील रुग्णालयात हलविले. पुढे काही दिवस शर्थीचे प्रयत्न झाले, पण ती वाचली नाही.

पाच तज्ज्ञ डॉक्टर शेजारी असण्याचा योग क्वचितच येतो, आणि तो येऊनही हृदय आजारी असेल तर सारे आपल्या हाती राहत नाही. आजारी मुलाला उपचारासाठी न्यावेच लागते, त्यात पालकांचा दोष नसतो. मात्र अशा मुलाचा प्रवास आधी ठरवून, डॉक्टरांच्या लेखी संमतीने आणि विमान कंपनीला कळवून व्हायला हवा. कंपनीचा यासाठी छापील अर्ज असतो, तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. गरज असल्यास विमानात प्राणवायूची सोय आधी मागता येते. ऐन वेळी ती होत नाही.

पुढील मुलांना तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे:

१) हृदयात जन्मजात दोष असलेले, रडताना ओठ-नखे निळी पडणारे, किंवा पिताना दमून घामाघूम होणारे बाळ.

२) वेळेआधी जन्मलेले, किंवा जन्मानंतर बरेच दिवस प्राणवायूवर राहिलेले बाळ.

३) न्यूमोनिया, दमा, डांग्या खोकला झालेले, किंवा धाप लागलेले मूल.

४) कान फुटलेला, कान दुखणारा, किंवा कान, नाक, टॉन्सिल यांची नुकतीच शस्त्रक्रिया झालेले मूल.

५) फार फिकट दिसणारे मूल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळले. थोडे रक्त कमी असल्याने विमानात काही बिघडत नाही. पण हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल, किंवा सिकलसेल, थॅलेसेमिया असेल, तर आधी उपचार व मग प्रवास.

६) गोवर, कांजिण्या झालेले मूल. हे आपल्या मुलासाठी आणि इतरांसाठीही आहे. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवराचे पुरळ उठून चार दिवस होईपर्यंत मुलाला घरीच ठेवावे.

मांडीवरचे बाळ

दोन वर्षांखालील बाळाला वेगळी जागा मिळत नाही, ते मांडीवर बसते. त्याचेही तिकीट काढावे लागते आणि वयाचा पुरावा लागतो, म्हणून जन्मदाखला जवळ ठेवावा. बाळासाठी वेगळा लहान पट्टा मिळतो, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा असतो. आपलाच पट्टा बाळासह दोघांभोवती कधीही बांधू नये. धक्का बसला तर आपल्या अंगाचा सारा भार बाळाच्या पोटावर येतो. बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी घेऊ नये. विमान अचानक हेलकावले तर भाजते.

विमान सुटण्यापूर्वी एक सूचना देतात, की प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर आधी स्वतः लावा, मग मुलाला लावा. आईच्या मनाला हे पटत नाही. पण त्यामागचे कारण समजून घ्या. तीस-पस्तीस हजार फुटांवर आतील दाब एकदम गेला, तर माणसाची शुद्ध एखाद्या मिनिटात हरपू शकते. बाळाला लावण्याच्या धडपडीत आईच बेशुद्ध पडली, तर दोघांनाही कोणी उरत नाही. हे काही केवळ पुस्तकातले नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात आतील दाब राखणाऱ्या यंत्रणेचे बटण लावायचे राहून गेले. दीडशेहून अधिक प्रवासी होते. मुखवटे खाली आले, तिसाच्या आसपास प्रवाशांचे कान दुखले, कोणाच्या नाकातून रक्त आले. विमान मुंबईला परत उतरले व सर्वजण वाचले. असा प्रसंग फार दुर्मिळ असतो, पण ही एक सूचना मात्र पाठ असावी.

विमानापेक्षा जालना ते विमानतळ हा रस्ता अधिक धोक्याचा आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. पुढच्या आसनावर बाळाला मांडीवर घेऊन बसणे फार घातक. अपघातात समोरची हवेची पिशवी उघडली तर तिचा तडाखा थेट बाळाला बसतो. बाळ नेहमी मागे, शक्य असेल तर लहान मुलांच्या खास आसनावर.

आईचीही काळजी

सारे घर बाळाकडे पाहते आणि आईला विसरते. बाळंतपणानंतर पहिले दीड महिने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका अधिक असतो, सिझेरियन झाले असल्यास आणखी. तासन् तास एका जागी बसल्याने तो वाढतो. दिल्ली, दुबईसारख्या लांबच्या प्रवासात आईने बाळ दुसऱ्याकडे देऊन दर तासाने दोन फेऱ्या माराव्यात, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी भरपूर प्यावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखून दम लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

नेहमीचे काही प्रश्न

बाळाला नुसती सर्दी आहे, तिकीट रद्द करावे का? ताप नाही, धाप नाही, पिणे चांगले आहे, तर सहसा रद्द करण्याची गरज नसते. कान तपासून घ्यावा. नाकात साध्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब उतरण्यापूर्वी घालावेत. ताप किंवा कानात जंतुसंसर्ग असेल तर मात्र प्रवास पुढे ढकलावा.

उतरल्यावरही बाळ रडत असेल तर? कानाचा दडा बहुधा काही तासांत सुटतो. पाजत राहावे. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटॅमॉल देता येते. दुसऱ्या दिवशीही कान दुखत असेल, ताप आला किंवा कानातून पाणी-रक्त आले, तर दाखवावे. कानात कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घालू नये.

दूध, पाणी आत नेऊ देतात का? बाळाला लागेल तेवढे दूध, खाणे व औषधे नेऊ देतात. तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवावीत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

बरोबर काय घ्यावे? दुपटी व लंगोट नेहमीपेक्षा दुप्पट, बाळाचे व आईचे कपड्यांचे एकेक जोड, पातळ शाल, ओ.आर.एस.ची पाकिटे, पॅरासिटॅमॉल, चालू असलेली औषधे. हे सर्व हातातल्या पिशवीत असावे. मोठ्या सामानात टाकले तर वेळेला मिळत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, बाळ निरोगी असावे, पूर्ण दिवसांचे असावे, उतरताना त्याला पाजावे आणि गुंगीचे औषध कधीही देऊ नये. या चार गोष्टी सांभाळल्या तर नातवंडाच्या विमानप्रवासाला आजी-आजोबांनी घाबरण्याचे कारण नाही. ज्या बाळाच्या प्रकृतीबद्दल शंका आहे, त्याला मात्र आधी दाखवा आणि मगच तिकीट काढा. तिकिटाचे पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात.